साडेपाच काठ्या फरशी

४ ऑगस्ट, शाळा भरण्याआधी

दादा,

माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न उघडताच फाडशील, म्हणून वरचा पत्ता हिच्याकडून लिहून घेतला. तो मिळालाही हिच्याकडूनच. आपण दोघे भाऊ एकोणीस वर्षं बोललो नाही, पण या दोघी जावा दर सहा महिन्यांनी एकमेकींना पत्रं टाकत होत्या, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. मी चिडलो तर ही म्हणाली, "भांडण तुमचं आहे, आमचं कुठे आहे?"

आधीच सांगतो, मी क्षमा मागायला लिहीत नाही. क्षमा मागणारा समोरच्याला कामाला लावतो, आता तू बस विचार करत. मला एक गोष्ट फक्त सांगायची आहे. ती माझ्या वर्गातली आहे, आणि ज्या फरशीपायी तुला चोर ठरवलं गेलं त्या फरशीचीही आहे.

मी सहावीला गणित शिकवतो. सध्या अपूर्णांकांचा गुणाकार चालू आहे. आपल्या खेड्यातल्या शाळेत गुरुजींनी पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच यांचे पाढे छडी उगारून घोकून घेतले होते, आठवतं? तू दीडकीला अडकलास आणि शाळा सोडून गवंड्याच्या हाताखाली गेलास. मी अडीचकीपर्यंत टिकलो आणि मास्तर झालो. आपल्या दोघांत फरक तेवढाच, एका पाढ्याचा.

मी आता पाढ्यांनी शिकवत नाही. प्रत्येक मुलाला एक पांढरा कागद देतो. तो उभा दुमडून चार सारख्या पट्ट्या पाडायच्या आणि तीन पट्ट्यांवर पिवळा जिलेटिन कागद ठेवायचा. हा झाला पाऊण. मग तोच कागद आडवा दुमडून अर्ध्यावर निळा ठेवायचा. पिवळ्यावर निळा आला की हिरवं दिसतं. एकूण घरं आठ, हिरवी तीन. पाऊणचा अर्धा म्हणजे आठातले तीन. सूत्र नाही, घोकणं नाही. दिसतं म्हणून पटतं.

पहिल्याच दिवशी एक मुलगी उभी राहिली. जाड काचांचा चष्मा, सगळे तिला चष्मेवालीच म्हणतात. म्हणाली, "सर, गुणलं की आकडा फुगतो ना? मग हा आक्रसला कसा?"

"तूच बघ कागदाकडे."

तिने कागदावर वाकून बोटाने घरं मोजली. मग म्हणाली, "म्हणजे आपण वाढवत नाही आहोत. आहे त्यातलं थोडं घेतोय."

दादा, हे वाक्य मला कळायला मी तिशी ओलांडली होती.

मुख्याध्यापिका बाईंना हे पसंत नाही. वयाने त्या माझ्याहून लहान, पण शिस्तीच्या. परवा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सर, परीक्षेत मुलांना कागद दुमडायला देणार आहेत का?"

मी म्हणालो, "नाही देणार. पण डोकं आत न्यायला अजून बंदी नाही ना?"

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. घंटा झाली, उरलेलं नंतर.

धाकटा


११ ऑगस्ट, मधल्या सुट्टीत

दादा,

तुझं उत्तर नाही. नसू दे. तू फाडत जा, मी लिहीत जातो.

या आठवड्यात पूर्णांकयुक्त अपूर्णांक घेतले. म्हणजे आपले दीड, अडीच, साडेतीन. बाके भिंतीला सरकवली आणि वर्गाच्या जमिनीवर खडूने एक चौकट आखली, अडीच हात लांब, दीड हात रुंद. पुठ्ठ्याचे तुकडे रंगवून तयार ठेवले होते. विचारलं, "ही चौकट भरायला किती चौरस पुठ्ठा लागेल? आधी तोंडी सांगा, मग बसवून दाखवा."

चष्मेवालीने हात वर केला. "सोपं आहे सर. दोन एके दोन. अर्ध्याचा अर्धा पाव. सव्वादोन."

"बरोबर?" मी वर्गाला विचारलं. सगळा वर्ग एका सुरात, "बरोबर!"

"मग बसव."

तिने दोन पिवळे चौरस एका कोपऱ्यात नीट लावले. पावाचा हिरवा तुकडा समोरच्या कोपऱ्यात, जिथे दोन्ही अर्धे भेटतात तिथे. मग ती उठून मागे सरकली. पिवळा आणि हिरवा एकमेकांना टोकाशी टेकलेले, आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन पट्टे उघडे. एक लांब, एक आखूड.

ती म्हणाली, "सर, इथं कुणी काही बसवलंच नाही."

मला आपलं प्रार्थनाघर आठवलं, तू फरशी बसवलीस ते.

त्याचं ते मोठं दालन साडेसात काठ्या लांब होतं आणि साडेचार काठ्या रुंद. खाणीवर फरशी काठीने मोजत. उंच माणसाने हात वर केला की पोचेल एवढी एक काठी; तेवढी लांब आणि तेवढीच रुंद ती एक काठी फरशी. तू दोरी लावून मोजलंस, घामाने निथळत पायरीवर येऊन बसलास आणि मला विचारलंस, "धाकट्या, शिकलेला तू. किती काठ्या मागवू?"

मी पेनसुद्धा उचललं नाही. सात चोक अठ्ठावीस. अर्ध्याचा अर्धा पाव. "सव्वाअठ्ठावीस," म्हणालो. गुरुजींनी घोकून घेतलेलं सगळं जिभेवर होतं. दोन तुकडे पाढ्यांनी हातात ठेवले आणि मी उठलो. उरलेले दोन पट्टे पाढ्यांत दिसत नव्हते. सातचा अर्धा साडेतीन, चारचा अर्धा दोन. मिळून साडेपाच. पाहिजे होत्या पावणेचौतीस.

काळा दगड सव्वाअठ्ठावीस काठ्याच आला. दुसरी खेप मागवायच्या आत खाणीत पाणी भरलं आणि खाण बंद पडली. खाणवाला म्हाताराही त्याच सुमारास गेला, त्यामुळे किती दगड मागवला होता हे सांगायला कुणी उरलं नाही. कडेचे दोन पट्टे शेवटी दुसरीकडच्या तांबड्या फरशीने भरले. ते अजून तसेच आहेत.

चूक तुझी नव्हती. माझी होती. मला ती यंदा, त्या पोरीच्या पुठ्ठ्यात दिसली.

धाकटा


१९ ऑगस्ट, सकाळी

दादा,

मागच्या पत्रात शेवटी एक वाक्य खोटं लिहिलं. ते टपालात पडलं आणि पेटीत हात घालून परत काढावंसं वाटलं.

मला यंदा नाही कळलं. फरशी कमी पडली त्याच्या तिसऱ्या दिवशी कळलं. दुपारी रिकाम्या वर्गात फळ्यावर चौकट काढली, तिचे चार भाग पाडले आणि दोन रिकामे राहिलेले बघितले. डस्टर समोर होतं तरी तळहाताने पुसून टाकलं. माझी नोकरी कायम व्हायला दोन महिने होते. शाळा आणि प्रार्थनाघर एकाच संस्थेचं, अध्यक्षही एकच.

चौथ्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर अध्यक्षांनी तुला विचारलं, "मिस्त्री, साडेपाच काठ्या कुठे गेल्या? पावणेचौतीस लागतात हे शेंबडं पोरही सांगेल. तू कमी मागवल्या असशील यावर कोण विश्वास ठेवेल?"

तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. मी चष्मा पुसत होतो.

मग तू म्हणालास, "मोजमाप माझं होतं."

मोजमाप तुझं होतं, हे खरं. गुणाकार माझा होता, हे तू बोलला नाहीस. महिन्याभरात तू वहिनीला आणि सामान घेऊन गेलास, आणि लोकांनी एक नवा शब्द काढला. तुला ठाऊक नसेल. इथे काही नाहीसं झालं की म्हणतात, "कुणीतरी साडेपाच केले." दुकानात म्हणतात, बसमध्ये म्हणतात. ज्यांना तू माहीतही नाहीस ती पोरं म्हणतात, "सर, माझ्या पेन्सिलीचे साडेपाच झाले." एकदा मी हसलोही. तेही लिहितो, म्हणजे काही राहायला नको.

रोज सकाळी मी प्रार्थनेला जातो. तांबड्या पट्ट्यावर एकोणीस वर्षांत पाय ठेवला नाही, ओलांडून जातो. लोकांना वाटतं मास्तरांचा काही नेम आहे. देवाला मी सगळं रोज सांगत आलो. पण त्याला ते आधीच ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सांगायचं राहिलं.

काल सहावीच्या वर्गाला प्रार्थनाघरात घेऊन गेलो. बाईंकडे अर्ज केला होता, त्यावर लिहिलं होतं, "क्षेत्रमापनासाठी". चाळीस पोरं, चार काठ्या, दोऱ्याचं रीळ. दहा मिनिटं नुसता गोंधळ. मग आकडे पाटीवर लिहिले, साडेसात आणि साडेचार, आणि मी म्हणालो, "आता मागे या आणि फरशी बघा."

काळा दगड सात बाय चार. दोन भिंतींलगत तांबडे पट्टे. आणि पट्टे जिथे भेटतात त्या कोपऱ्यात पुन्हा काळा, पाव काठी. उरलेला काळा तुकडा तू तिथे बसवलास, दादा. दुसरीकडे कुठेही बसवता आला असता. तू ते मुद्दाम केलंस का? मला न बोलता सांगितलंस का?

चष्मेवाली ओरडलीच, "सर, हे तर आपलं चित्र! ज्याने हे गुणलं तो आपल्यासारखाच चुकला!"

मागून एक जण म्हणाला, "पण सर, हे साडेपाच तर त्या मिस्त्रीने..."

"मिस्त्रीने मोजलं," मी म्हणालो. "बरोबर मोजलं, आत्ता तुम्हीच पडताळलंत. गुणाकार दुसऱ्याने केला."

"कोणी?"

"मी."

काठी धरलेल्या पोराने ती खाली ठेवली. मग कुणीतरी हळूच विचारलं, "सर, मग तुम्हाला किती मार्क?"

"शून्य," म्हणालो. "आणि तेही एकोणीस वर्षं उशिरा."

मग मी तांबड्या पट्ट्यावर उभा राहून उरलेला धडा शिकवला.

धाकटा


२७ ऑगस्ट, दुपारी

दादा,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. हिने ते मान फिरवून वाचलं, भरलेले डोळे मला दिसू नयेत म्हणून.

तू लिहितोस, "कोपऱ्याचं म्हणशील तर तसं काही नाही. कोपरा आधी भरतात, काटकोन तपासायला. झालं ते झालं. मी इथे सुखात आहे, जुनं उकरू नकोस. आणि नोकरी सांभाळ."

कोपऱ्याचं वाचून मी मोठ्याने हसलो. मी एकोणीस वर्षं त्या कोपऱ्याला संदेश समजत होतो आणि तू काटकोन तपासत होतास.

पण बाकीचं मी ऐकणार नाही. आयुष्यभर तुझं ऐकलं. तू म्हणालास शिक, मी शिकलो. तू न बोलता सांगितलंस गप्प राहा, मी गप्प राहिलो. ही नोकरी तुझ्या गप्प बसण्यावर उभी आहे. ती तुझ्याच सल्ल्याने सांभाळायची, हे मला आता जमत नाही.

आणि इथे तर गप्प राहायचा कागद तयार होऊन आला आहे. पोरांनी घरी जाऊन सांगितलं, घरच्यांनी गावभर केलं. सोमवारी बाईंनी बोलावलं. टेबलावर संस्थेचा कागद होता, खाली माझ्या सहीची जागा. मजकूर असा की प्रार्थनाघरात दिलेलं उदाहरण निव्वळ काल्पनिक होतं, त्याचा कोणत्याही घडलेल्या गोष्टीशी संबंध नाही, आणि यापुढे मी फक्त पुस्तकातल्या सूत्रानेच शिकवीन.

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, एक सही आहे. अध्यक्षांचं वय बघा. सगळ्यांसमोर एकदा चोर म्हणून बसलेला माणूस, आता शब्द मागे कसा घेणार?"

"मी पण सगळ्यांसमोर गप्प बसलेला माणूस आहे, बाई. मी आता बोलू शकतो, तर तेही शब्द मागे घेऊ शकतील."

"सही केली नाहीत तर वर्ग जाईल. मला थांबवता येणार नाही, खरंच सांगते."

"सूत्राचं म्हणाल तर तेही चालेल," मी म्हणालो. "साडेसातचे करा पंधरा छेद दोन, साडेचारचे नऊ छेद दोन. वरचे गुणा, खालचे गुणा. एकशे पस्तीस छेद चार. म्हणजे पावणेचौतीस. सूत्रानेही चूक माझ्याच गुणाकाराची निघते, माझा भाऊ चोर निघत नाही. काल्पनिक कुठला भाग लिहायचा, तेवढा दाखवा."

त्यांनी कागद उचलून खणात ठेवला. मग, मला नवल वाटलं, विचारलं, "ते हिरवे कागद कुठे मिळतात?"

"हिरवे मिळत नाहीत. पिवळ्यावर निळा ठेवायचा."

रविवारी प्रार्थनेनंतर सभा आहे. मी नाव दिलं आहे. तू नको म्हणालास हे मला ठाऊक आहे. पुन्हा लिहून वेळ घालवू नकोस.

धाकटा


४ सप्टेंबर, सकाळी

दादा,

झालं.

प्रार्थना संपली, लोक बसून राहिले. मी पुढे गेलो. भाषण पाठ केलं होतं, ते विसरलो. म्हणून वर्गात शिकवतो तसंच शिकवलं. दोरा धरायला दोन बाप्ये पुढे बोलावले, काठी टाकली, आकडे सांगितले, तांबडे पट्टे दाखवले. म्हणालो, "सव्वाअठ्ठावीस हा आकडा मी सांगितला. माझ्या भावाने तेवढ्याच मागवल्या, तेवढ्याच आल्या, तेवढ्याच बसवल्या. एक चीपही कुठे गेली नाही. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं होतं. नोकरीसाठी गप्प बसलो."

पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "अरे मेल्या! आणि रोज पहाटे इथे येऊन डोळे मिटून बसत होतास?"

"हो आजी."

"देवाला पण बनवलंस?"

"त्याला नाही. तुम्हाला."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. दोघं-तिघं उठून गेले. एक जण जाता जाता म्हणाला, आता काय उपयोग. उपयोगाचं मी बोललोच नव्हतो.

सगळे पांगल्यावर अध्यक्ष काठी टेकत पट्ट्यापाशी आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. काठीचं टोक तांबड्यावरून काळ्यावर नेलं.

"मग मी एवढी वर्षं कुणाला चोर म्हणत होतो?"

"माझ्या भावाला."

"तेव्हाच का नाही बोललास रे?"

"नोकरी हवी होती."

"आणि आता नको आहे?"

"आताही हवी आहे," मी म्हणालो.

ते काठी टेकत निघून गेले. सोमवारी आदेश आला. सहावी माझ्याकडून काढली. आता मी अभिलेखांच्या खोलीत बसतो, जुने दाखले फडक्याने पुसतो. चौकशी होईपर्यंत हेच. चौकशीला मी तेच सांगणार, तोच आकडा, तीच काठी. रडायला बसलो नाही, उलट काल झोप इतकी गाढ लागली की हिने दोनदा हलवून उठवलं. बाई सहावी स्वतः घेतात. खिडकीतून बघितलं, पोरं जमिनीवर बसून कागद दुमडत होती आणि बाईंची दुसरी घडी तिरकी पडली होती. चष्मेवाली त्यांना सांगत होती, "तसं नाही बाई, आडवं."

तुझ्या दुसऱ्या कार्डावर एकच ओळ आहे, "येऊ नकोस." मी येणार असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. म्हणजे मी येईन, हे तुला माझ्याआधी कळलं.

तर येतोय. शनिवारी. वर्ग नसल्यामुळे सुट्टी मागितली तर कुणी कारणही विचारलं नाही. ही पण येते आहे, वहिनीला भेटायला, तिला तू अडवू शकणार नाहीस. मला दारातून परत पाठवलंस तर पायरीवर बसेन. पाऊस असला तर भिजेन. संध्याकाळी परत जाईन आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येईन. माफ करायचं की नाही ते तुझं तू बघ, मी ते मागणारच नाही. मला फक्त तुझ्यासमोर उभं राहून तुझ्याकडे बघायचं आहे, चष्मा न पुसता.

गाडी दीड वाजता पोचते. स्टेशनवर येऊ नकोस. वहिनीने हिला लिहिलंय की तिकडे तुला सगळे नुसतं मिस्त्री म्हणतात आणि आडनाव तू कुणालाच सांगितलेलं नाहीस. मी घर विचारत विचारत येईन. प्रत्येक दुकानात, प्रत्येक वळणावर थांबेन आणि तुझं पूर्ण नाव घेऊन विचारीन, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मोठ्याने. कुणी म्हणालं की तुम्ही कोण, तर सांगेन, त्याचा भाऊ.

धाकटा